बिल्ला नंबर दोनशे चौदा

२ डिसेंबर

ही डायरी मागच्या वर्षीची हाय. मारेगावच्या कृषी केंद्रवाल्यानं फुकट देली. तारीख जुळते, वार जुळत नाई. मले वारासंग काई करनं नाई.

खबर ही हाय का मले नोकरी लागली. मले! इंद्रजितले, जो बारावीत दोनदा गचकला आन ज्यानं हेडमास्तरच्या खुर्चीले खाजकुयरी लावली होती. तीन नंबरची खान बंद होऊन पंधरा वर्स झाले, आता कंपनीनं तिथं पार्क केलं. कोळशाच्या मातीचे जे डोंगर होते त्यायच्यावर सुबाभूळ आन शिसव लावला, मधातून चार किलोमीटरची पायवाट काढली, खड्ड्यात पानी भरलं होतं त्याले तलाव म्हनून राह्यले. लोकं यवतमाळ-नागपूरहून चालाले येतात. मी त्यायचा गाईड. निळी टोपी भेटली.

मुलाखत पुंडलिकराव साहेबानं घेतली. ते पार्कचे सुपरवायझर. म्हने, "अनुभव काय?" म्हनलो, "साहेब, शाळा चुकवून दहा वर्स याच टेकड्यायनं फिरलो." ते हसले. हसला मानूस का काम झालं समजा.

माय खुश. बाबा नाई. बाबाचं मारेगावच्या स्टँडजवळ पंचरचं दुकान हाय. टायर घासता घासता म्हने, "दुसरं काई नाई भेटलं?" बस. माया बाप दिवसाचे पंधरा शब्द बोलते, त्यातले चार आज मायावर खर्च झाले. लग्नाआधी तो याच तीन नंबरले होता, बत्तीघरात. कधी सांगत नाई. माय म्हनते, "तवा तो तुयापेक्षा बेक्कार होता. पुऱ्या खानीले हसवे." मले खोटं वाटते. मी तं त्याचे दात जेवतांनीच पाह्यले.

५ डिसेंबर

आज काम शिकलो. पायवाट बत्तीघरापासून सुरू होते. जुन्या काळी खानीत उतराच्या आधी मजूर इथं आपला बिल्ला देये आन डोक्याची बत्ती घेये. बिल्ला म्हंजे पितळेची गोल चकती, त्याच्यावर त्याचा नंबर. ते बिल्ले भिंतीवरच्या मोठ्या बोर्डावर खिळ्याले टांगत. वर आला का बत्ती वापस, बिल्ला वापस. म्हंजे बोर्डावर बिल्ला टांगून असला तं मानूस आत हाय. बोर्ड साफ तं सारे बाहेर. कोनाले मोजाची गरज नाई.

पुंडलिकरावानं तोच बोर्ड धुऊनपुसून ठेवला. तीनशे खिळे. आता जो पर्यटक पायवाटेनं निंगते त्यानं एक बिल्ला टांगाचा, वापस आला का काढून गेटवर जमा कराचा. संध्याकाळी सहाले गेट बंद. नियम एकच, "बोर्ड साफ झाल्याबगर कुलूप लावाचं नाई." लोकायले मजा वाटते.

असाच एक बिल्ला आमच्या घरी होता. मी लहानपनी त्याले भवऱ्यावानी फिरवत बसो. एक दिवस बाबानं हिसकून घेतला. मारलं नाई, पन दोन दिवस जेवला नाई. तवापासून दिसला नाई तो.

पायवाट लय भारी हाय. थंडीत सकाळी सकाळी टेकडीच्या भेगायतून धूर निंगते. खाली कुठंतरी कोळसा अजून जळून राह्यला. हात ठेवला तं जमीन कोमट लागते, तापातल्या मानसाच्या पाठीवानी.

८ डिसेंबर

पुंडलिकरावानं जे पाठ कराले देलं ते आयकून लोकं झोपतात. "या खानीची खोली, या खानीचं उत्पादन." आज वर्ध्याचे आठ कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या होते, सारे मोबाईलात. मंग मी आपलं चालू केलं.

बोर्डापाशी थांबलो. आवाज बारीक केला. "ह्या बोर्डावरचा एक बिल्ला कधीच वापस गेला नाई. नंबर दोनशे चौदा." नंबर असाच निंगाला तोंडातून. "तो मानूस अजून खाली हाय. कधी कधी ठोकते."

मोबाईल खिशात गेले सारे.

रोशनसंग सकाळीच ठरलं होतं. रोशन माया दोस्त, पार्कात झाडायले पानी टाकते. खानीच्या तोंडाले कंपनीनं विटायची भिंत घातली हाय, पन तिच्या बाजूनं एक जुना लोखंडी पाईप आतून बाहेर येते आन वर पंखाघरापाशी निंगते. खानीत हवा सोडाचा मोठा पंखा होता ते हे पंखाघर, आता मोडकं हाय, तिथं बसलं तं खालून कोनाले दिसत नाई. तिथं पाईपावर गोटा मारला का आवाज भितीच्या आतून येते. आम्ही दोघायनं सातवीत असतांनी शोधलं होतं हे.

भितीपाशी आलो. म्हनलो, "चूप राहा." टन. टन. टन.

एक पोट्टी आपल्या चपला सोडून पळाली बावा! मी तिच्या चपला घेऊन अर्धा किलोमीटर तिच्या मांगं. "ताई, भूत तिकडं हाय, तुमी इकडं काहून पळून राह्यल्या?"

१३ डिसेंबर

कोनंतरी त्याचा व्हिडीओ टाकला. आज पंचावन लोकं आले. पुंडलिकराव म्हने, "इंदर, तू तिथं काय सांगतं मले मालूम नाई आन मले मालूम करनं बी नाई." म्हंजे चालू ठेव.

एक यवतमाळचा डॉक्टर म्हने, "हे सगळं मनाचे खेळ आहेत." तीन टोले पडल्यावर बायकोच्या मांगं तोच पहिले गेला.

१४ डिसेंबर

बाबानं व्हिडीओ पाह्यला. दुकानात कोनी दाखवला असंन. मी ताटावर बसलो तं तो समोर येऊन उभा राह्यला.

"हा नंबर तुले कोनं सांगतला?"

"कोनंच नाई. असाच."

"असाच?"

"हाव ना बाबा. दोनशे चौदा काय, तीनशे बी म्हनू शकलो असतो."

बाबा म्हने, "टोले किती मारता?"

"तीन."

"तीन म्हंजे वर ओढा," बाबा म्हने. "खानीत एक टोला म्हंजे थांबा. दोन म्हंजे खाली सोडा. तीन म्हंजे वर ओढा."

मी खुश झालो, नवीन माल भेटला. उद्यापासून हे बी सांगीन. बाबा न जेवताच बाहेर जाऊन बसला. दुकानात काई भांडन झालं असंन.

२१ डिसेंबर

आज एक वेगळंच झालं.

सकाळच्या गटात एक म्हातारी होती. एकटी. तांड्यावरची, लुगडं साधं, पन दोन्ही हातावर कोपरापर्यंत गोंदलेलं. तिकीट काढून आली, बिल्ला टांगला, सगळ्यायसंग चालाले लागली. टेकडीची चढन लागली तं म्हनलो, "मावशी, इथंच बसा, येतांनी घेतो." म्हने, "तू चाल. मी ह्या टेकडीची माती डोक्यावर वाह्यली हाय."

भितीपाशी माया खेळ झाला. टन, टन, टन. लोकं ओरडले, हसले, व्हिडीओ काढले. म्हातारी पुढं गेली. भितीले हात लावला. खालचा गोटा उचलला आन भितीवर तिनंबी तीनदा मारला. हळू. जसं कोनाच्या दारावर मारतात.

लोकायनं मोबाईल खाली केले.

वापस येतांनी तिनं मले इच्यारलं, "नंबर कोनता म्हनला बेटा?"

"दोनशे चौदा."

तिनं पदराची गाठ सोडली. आतून प्लास्टिकमधी गुंडाळलेलं एक जुनं हजेरीकार्ड काढलं. फोटोत मिशीवाला जवान मानूस, खाली नाव गुलाबसिंग राठोड, खाली नंबर. २१४.

मले वाटलं बुढी मायापेक्षा वरची निंगाली, कार्ड बनवून आनलं. मी हसलो. खरंच हसलो मी. ती हसली नाई.

२२ डिसेंबर

पुंडलिकरावाले इच्यारलं. ते ह्या खानीत जुने. म्हने, "त्र्यान्नवचं हाय ते. बाजूच्या जुन्या खानीतून पानी घुसलं. पूरी पाळी पळत बाहेर आली. बोर्ड साफ होता, एक बी बिल्ला टांगून नोयता. मंग कंपनीनं आतून भिंत घालून पानी रोखलं. दुसऱ्या दिवशी म्हनलं जाते का गुलाबसिंग घरी पोचला नाई. पन बोर्ड साफ होता ना. म्हंजे बाहेर आला आन तिकूनच निंगून गेला. लोकं म्हनत आदिलाबादले दुसरी बाई होती."

"होती का?"

"म्हनत."

म्हातारीचं नाव जमनी. आजबी आली होती. रोज येनार म्हनते. मी सकाळी बोर्डाजवळ तिच्याजवळ बसलो. तिनं सांगतलं ते थोडक्यात लिहितो. गुलाबसिंग गेला तवा ती तेवीसची, पोटूशी. सासऱ्यानं म्हनलं, तुयात काई असंन म्हनून तो पळाला. पोट्टी झाली. पोट्टीच्या लग्नात मांडवात लोकायनं इच्यारलं, बाप कुठं हाय. आता नातीनं बी इच्यारलं. तीस वर्स ती गावात "सोडलेली" म्हनून जगली. टिकली तिनं लावनं सोडलं नाई, त्याच्यावरबी लोकं हसत.

म्हने, "मले पैसा नाई पायजे, कोनाले शिक्षा नाई पायजे. मले एकच सांग. तो पळाला, का आत हाय?"

मी काय सांगू? मले तं फक्त ठोकता येते.

२७ डिसेंबर

रोशनले म्हनलो, आता बंद. म्हातारी रोज भितीले कान लावून बसते, बरं नाई वाटत.

रोशन म्हने, "कायले बंद? मी तं तीन दिवसापासून गेलोच नाई तिकडं. मायले घेऊन पांढरकवड्याच्या दवाखान्यात होतो ना बे."

"फेकू नोको. काल दुपारी तीन टोले वाजले."

"शपथ."

आम्ही दोघं वर पंखाघरात गेलो. कोनी नोयतं. पाईपाले हात लावला, थंडागार. एका जागी त्याच्यावर काळे बोटं उमटले होते, कोळशाचे असतील. पन कोळसा चमकते, हे मऊ काळं होतं, रबरावानी. गोटा तिथंच होता, कोनंतरी नीट पाईपाच्या बाजूले ठेवला होता. आम्ही तं कुठंबी फेकून देतो.

उतरतांनी रोशन जोरजोरात गानं म्हनत होता. मीबी.

२९ डिसेंबर

जमनीले सारं खरं सांगून टाकलं. पाईप दाखवला, रोशनचं सांगतलं, नंबर मी असाच फेकला म्हनलो. पाया बी पडलो. वाटलं चपलेनं मारंन.

ती म्हने, "टोले तू मारले, मानलं. नंबर कोनं देला?"

"कोनंच नाई याडी." तांड्यावर मायले याडी म्हनतात, माया तोंडातून निंगालं.

"तीनशे नंबर होते. तुया तोंडात तोच कसा आला?"

तवापासून मलेबी तेच वाटून राह्यलं. आजच्या गटाले मी सरकारी भाषन देलं, खोली आन उत्पादन. सारे झोपले. मले बरं वाटलं.

दुपारी भितीतून टोले आले. एकदा. रोशन मायाच बाजूले उभा होता.

बाबाचं दुकान आजकाल दुपारी बंद राह्यते म्हने. माय म्हनते दवाखान्यात जात असंन, सांगत नाई.

४ जानेवारी

आज मी गू खाल्ला. दुसरा शब्द नाई.

पाच-सहा दिवस चाळे बंद होते, हात शिवशिवत होते. नेरहून एक शाळामास्तर आले होते, लय शिस्तीचे, मले म्हनले "बोलताना खिशातून हात काढ." ते एकटेच पायवाटेनं पुढं गेले. मी त्यायचा बिल्ला बोर्डावरून काढून खिशात टाकला. म्हनलो येऊ दे, बिल्ला दिसनार नाई, मास्तरले घाम फुटंन, चहा पाजल्याबगर देनार नाई. एवढंच.

मंग पंचवीस जनाची बस आली आन मी इसरलो.

सहाले बोर्ड पाह्यला. साफ. कुलूप लावलं, घरी आलो. शर्ट काढतांनी खिशातून बिल्ला पडला, फरशीवर वाजला.

बाबा बाजेवर पडून होता. "काय पडलं?"

तोंडातून खरंच निंगालं. "एक मानूस आत राह्यला."

बाबा उठला. मायावर पहिल्यांदा हात टाकला त्यानं. अशी कानफटीत देली का डोळ्यापुढं पांढरं झालं. मंग चप्पल न घालता गाडीवर बसला, मी मांगं. पार्कात पोचलो तं अंधार पडून राह्यला होता. मले वाटलं मी वाट दाखवीन, पन बाबाच पुढं. तीस वर्सात तो इथं आला नाई म्हनतात, आन तो प्रत्येक वळनावर मायाआधी वळत होता. आवाज देत होता, "कोनी हाय का? आलो, आलो! ठोका! काई बी ठोका!"

तलावापाशी टक टक आलं. मास्तर. पाय मुरगळला होता, काडीनं गोट्यावर मारत होते. बाबा त्यायच्यापुढं गुडघ्यावर बसला आन त्यायचा पाय दोन्ही हातानं धरून रडाले लागला. मास्तर घाबरले. म्हने, "अहो ठीक आहे, फक्त लचक आहे."

५ जानेवारी

झोपलो नाई. सकाळी बाबानं दुकान उघडलं नाई. मले घेऊन वावराच्या बांधावर बसला आन बोल्ला. पंधरा शब्द नाई, तीस वर्साचे सारे एकदाच. मी जसं आयकलं तसं लिहितो.

"बत्तीघरात आमची रीत होती. कोनाचा बिल्ला बोर्डावरून काढून लपवाचा. तो वर आला का हातपाय जोडे, चहा पाजे, मंग द्याचा. पूरी पाळी हसे. सगळ्यात जास्त मीच करो. त्या दिवशी गुलाबसिंगचा लपवला. तो माया दोस्त होता. दुपारी पानी घुसलं. लोकं पळत वर आले, कोनाच्या डोक्यावर बत्ती तशीच, तसेच घरी पळाले. बत्त्या चार दिवस येत राह्यल्या, त्याचा मेळच नोयता. भरवसा बिल्ल्याचाच. मॅनेजरनं मले बोर्डापाशी उभं केलं, ज्याचा त्याले वाटाले लावला. शेवटचा वाटला. बोर्ड साफ. मॅनेजरनं पाह्यलं, म्हने, सारे बाहेर. मले यादच नाई आली. खिशात होता, इंदर. माया खिशात."

"मंग?"

"घरी येऊन शर्ट काढला."

मी म्हनलो, "मंग तू पळत गेला असशीन."

"गेलो. पहिले पंखाघराच्या पाईपापाशी गेलो. म्हनलो पाहू. मी तीनदा ठोकलं." त्यानं बांधावर बोटानं ठोकून दाखवलं. "आतून तीन आले."

बोट तसंच बांधावर ठेवून बाबा पुढं सांगाले लागला.

"वर ओढा म्हने तो. मी ऑफिसकडं पळालो. दारापाशी गेलो. आत मॅनेजर कोनाले तरी सांगत होता, बोर्ड साफ हाय, भिंत चालू करा, नाईतं खालची पूरी खान जाईन. मले फक्त दार लोटाचं होतं आन बिल्ला टेबलावर ठेवाचा होता. मी दारापाशी उभा राह्यलो. बावीस वर्साचा होतो. वाटलं, जेलात टाकतील. वाटलं, पानी उतरंन, तो आपल्या पायानं येईन. वाटलं, थोड्या वेळानं सांगू. सकाळी भिंत झाली. मी परत पाईपावर ठोकलं."

"आलं?"

"नाई."

मी त्याले म्हनलो नाई का तू काय केलं. मी काल तेच केलं. फरक एवढाच का मास्तरपाशी कोनी भिंत बांधली नाई.

मंग बाबानं पाकिटातून बिल्ला काढला. घासून घासून नंबर पुसट झाला होता. पन मी ओळखला. मी त्याले फिरवलं होतं ना लहानपनी, थांबला का नंबर वर ये. तिथूनच आला होता माया तोंडात.

त्याच्या बोटायकडं पाह्यलं. पंचरच्या सोलूशननं काळे. त्याले इच्यारलं, "पंखाघरात तूच ना?" म्हने, "तुया व्हिडीओनंतर राह्यवलं नाई. म्हनलं, अजून एकदा ठोकून पाहू."

८ जानेवारी

तीन दिवस लिहिलं नाई. काय लिहू.

बाबा म्हनते मी सांगीन. मंग म्हनते सांगून काय होईन. माय म्हनते, "तिचा नवरा गेला, आता माया बी धाडता काय?" मंग तीच रडते. मी पार्कात जातो, जमनी भितीपाशी बसून राह्यते, मले गूळ-शेंगदाने देते. आज म्हने, "तीन दिवसापासून तो बोलत नाई बेटा."

मी शेंगदाने खिशात टाकले.

घरी येऊन बाबाले म्हनलो, "ती तिथं बसून दार वाजवून राह्यली. तू अजून ऑफिसच्या दारापाशीच उभा हाय." बाबानं मायाकडं पाह्यलं. मंग त्यानं कपडे इस्त्रीले देले.

१० जानेवारी

आज सकाळी बाबा पार्कात आला. पांढरा शर्ट, केस ओले. बत्तीघरात जमनी बाकावर बसली होती. पर्यटक अजून यायचे होते. मी, रोशन आन पुंडलिकराव दारात.

बाबा तिच्यापुढं खाली बसला. "जमनीवहिनी, ओळखलं? मी मारोती. बत्तीघरवाला."

"मारोतीभाऊ," ती म्हने. "बुढा झाला तू." मंग हसली. "तो लय नाव काढे तुयं. म्हने, मारोत्या आज परत बिल्ला लपवंन, चहाचे पैसे दे."

बाबानं मूठ उघडली.

तिनं बिल्ला उचलला नाई. पाहत राह्यली. बाबा सांगत गेला. काईच सोडलं नाई त्यानं, पाईपाचं बी नाई, दारापाशी उभा राह्यला ते बी नाई. बाहेर कोनी गाडी लावली, हॉर्न वाजवला. आत कोनी हाललं नाई.

मले वाटलं ती ओरडंन. वाटलं गचांडी धरंन. तिनं येवढंच इच्यारलं, "तीन आले होते? नक्की तीन?"

"हाव."

"म्हंजे वर ओढा म्हने तो. घरी याचं होतं त्याले."

"हाव वहिनी."

मंग ती रडली. बाबाले हात लावला नाई, "जाऊ दे" म्हनलं नाई. मी वाट पाहत होतो का म्हनंन. नाई म्हनलं तिनं, आन नाई म्हनलं तेच बरोबर. डोळे पुसून बाबाले म्हने, "हे माया एकटीपाशी नोको सांगू. तांड्यावर चाल. सासरा मेला, पन दीर हाय, पोट्टी हाय, नात हाय. सगळ्यायपुढं सांग. मंग पोलीस ठेसनात सांग."

बाबा म्हने, "चाल."

जाच्या आधी तिनं बिल्ला घेतला, बोर्डापाशी गेली. हात पुरेना. मी स्टूल देलं. तिनं स्वताच्या हातानं दोनशे चौदाच्या खिळ्याले तो टांगला, लुगड्यानं पुसला आन म्हने, "पळाला नाई."

१७ जानेवारी

बाबाचं बयान झालं. पुढं काय होईन मालूम नाई. वकील म्हनते पाहू, पोलीस म्हनते पाहू. गिऱ्हाईक कमी झाले, काई लोकं आमच्या दारावरून जातांनी तिकडं पाहत नाई. माय बाबासंग बोलत नाई, पन डब्यात दोन पोळ्या जास्त देते. बाबा रोज सकाळी तांड्यावर जाते. तिथं त्याले कोनी बसा म्हनत नाई. तो उभा राह्यते, कोनं इच्यारलं तं सांगते, मंग दुकानात जाते. काल म्हने जमनीच्या नातीनं पानी देलं.

पुंडलिकराव म्हने भुताचं बंद झालं तं लोकं कमी येतील. आले कमी. मी आता बोर्डापाशी एवढंच म्हनतो, "दोनशे चौदा. गुलाबसिंग राठोड. गाव इथंच, तांडा." कोनी इच्यारलं तं पुढचं सांगतो. भितीपाशी काई सांगत नाई, उभा राह्यतो. लोकं आपोआप चूप होतात. टोले येत नाई. मी आयकतो रोज, पन येत नाई.

आज सहा वाजले. सारे वापस आले, मी एकेक बिल्ला मोजून डब्यात टाकला. पुंडलिकरावानं किल्ल्या वाजवल्या. "चाल इंदर, लाव कुलूप."

"नियम काय हाय साहेब?"

"बोर्ड साफ झाल्याबगर लावाचं नाई." त्यायनं बोर्डाकडं पाह्यलं, मंग मायाकडं. "अबे, आता रोज असं करनार काय?"

म्हनलो, "साहेब, एक जन आत हाय."

त्यायनं किल्ल्या खिशात टाकल्या. बाकावर बसले. मीबी बसलो.